लाकडी रंध्याने जोडलेला सांधा दर उन्हाळ्यात टोकांना उघडतो: कारणे आणि उपाय

पोळ्याच्या सुमारास जोडलेल्या फळ्यांचा सांधा आखाजी येईपर्यंत दोन्ही टोकांना उघडतो, ही अडचण खानदेशात हाताने सुतारकाम करणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. मध्यभाग घट्ट असतो, पण टोकाकडच्या चार-सहा बोटांत केसाएवढी फट दिसू लागते आणि मे महिन्यात तिच्यात नख शिरते. दोष फेव्हिकॉलला दिला जातो, लाकडाला दिला जातो, क्लॅम्प कमी लावले असे म्हटले जाते. ज्या जुन्या लाकडी रंध्याने त्या कडा मारल्या त्याचा तळ मात्र सहसा कोणी तपासत नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच निघाला.

मी ज्या मेजावर हे शिकलो, त्याचा माथा तीन फळ्यांचा आहे. पाडलेल्या धाब्याच्या घरातील सागाची तुळई चिरून एक इंच जाडीच्या आणि चार फूट लांबीच्या फळ्या काढल्या होत्या. रंधा अठ्ठावीस इंच लांबीचा, मुंबईच्या जुन्या बाजारातून ऐन पावसाळ्यात आणलेला होता. माथा दोनदा जोडला आणि दोन्ही वेळा उन्हाळ्यात तो टोकांना उघडला. तिसऱ्या वेळी गावातील वयोवृद्ध सुतार आप्पा यांच्याकडे फळ्या आणि रंधा दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी फळ्यांकडे पाहिलेही नाही. रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरला, तळावरून लांबवर नजर टाकली आणि म्हणाले, “लाकूड बी पानी पेस, भाऊ. रंधा बी लाकूडच शे.” म्हणजे लाकूडही पाणी पिते, आणि रंधाही लाकूडच आहे.

पुढचे सर्व विवेचन या वाक्याभोवती आहे.

सर्वांत आधी फट कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे लागते, कारण टोकांना उघडणारे सांधे दोन वेगळ्या कारणांनी उघडतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात कडा मुळातच नीट जुळलेल्या नसतात. मध्ये किंचित फुगवटा असतो, क्लॅम्पच्या जोराने टोके जवळ ओढून चिकटवलेली असतात, आणि लाकूड वाळू लागले की तो ताण टोकांना सुटतो. दुसऱ्या प्रकारात कडा अचूक असतात, पण फळ्या ओलसर असताना जोडल्यामुळे पुढे टोके आधी वाळून आकसतात. हे ओळखण्यासाठी गोंद लावण्यापूर्वी एक फळी कडेवर उभी करून शिकंजात धरावी, दुसरी तिच्यावर कडेला कड लावून ठेवावी आणि वरच्या फळीचे एक टोक बोटाने हळूच आडवे ढकलावे. फळी मध्यावर भिंगरीसारखी फिरली, तर मध्ये फुगवटा आहे. ढकलताना दोन्ही टोके घासत असतील, तर मध्ये पोकळी आहे. मग दाराकडे तोंड करून सांध्यामागचा उजेड पाहावा. माझ्या फळ्या फिरल्या, आणि दोन्ही टोकांना उन्हाची बारीक रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे गोंद लागण्यापूर्वीच सांधा बिघडलेला होता.

आता रंधा. तळ तपासण्यासाठी बारा मिलिमीटर जाडीची काच सपाट बाकावर ठेवावी. काचेच्या दुकानात उरलेला लांब तुकडा बहुधा मिळतो. कडप्प्याची फरशी दिसायला सपाट असली तरी तिच्यावर विसंबू नये. पाते आणि ते आवळून धरणारी पाचर रंध्यात बसवलेलीच असावीत आणि पाचर कामाच्या वेळी असते तेवढीच घट्ट असावी, फक्त पात्याची धार तळाच्या आत दोन-तीन मिलिमीटर ओढून घ्यावी. ही अट अनेकजण पाळत नाहीत. पाचर ठोकली की तिचा दाब पात्याच्या बैठकीवर, म्हणजे पाते ज्या उतारावर टेकते तिथे, येतो आणि तोंडाजवळचा, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीजवळचा, तळ किंचित हलतो, त्यामुळे पाचर काढून सरळ केलेला तळ पाचर बसवताच पुन्हा बिघडतो. रंधा काचेवर ठेवून वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या पुढच्या टोकाखाली, तोंडाच्या लगेच पुढे आणि मागच्या टोकाखाली सरकवाव्यात. तिन्ही ठिकाणी पट्टी सारखीच अडकली पाहिजे. माझ्या रंध्यात दोन्ही टोकांखालच्या पट्ट्या ओढताना फाटल्या, आणि तोंडाखालची पट्टी मात्र अडथळ्याविना बाहेर आली. तळ मध्ये पोकळ झाला होता.

पोकळ तळाचा रंधा फुगीर कड का करतो, हे समजून घेतले तर पुढची चूक टळते. असा रंधा टोकांवर टेकतो, पाते लाकडापासून वर राहते आणि कापत नाही, म्हणून आपण पाते थोडे अधिक बाहेर काढतो. फळीच्या सुरुवातीला फक्त रंध्याचे पुढचे टोक आणि शेवटी फक्त मागचे टोक आधाराला असते. त्या दोन्ही जागी वाढवलेले पाते खोल उतरते आणि फळीची टोके जास्त खाल्ली जातात. हात कितीही सरावाचा असला तरी असा रंधा सरळ कड देणार नाही. तळाला पोट आले असेल तर उलट घडते. रंधा झोपाळ्यासारखा डुलतो, मध्येच खोल जातो, आणि प्रत्येक फेरीत कड वेगळी मिळते.

तळ बिघडण्याचे कारण आपल्या हवेत आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. पुढे दीड-दोन महिन्यांत तीच हवा पावसाने दमट होते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने आकसते आणि फुगते. रंध्याच्या दोन्ही टोकांना आणि तोंडाच्या पोकळीत तंतूंची उघडी टोके असतात. तिथून ओलावा सर्वांत वेगाने येतो-जातो, आणि बाकीचा ठोकळा मागे राहतो. त्यातच तंतू तिरके धावत असतील तर ठोकळ्याला बाक किंवा पीळ येतो. इंग्लंडमधून आलेले जुने रंधे बीच लाकडाचे असतात आणि हे लाकूड दमट-कोरड्या फेरबदलात बरेच हलते. आपल्याकडच्या सुतारांनी शिसव, बाभूळ किंवा खैराचे ठोकळे वापरले आहेत, तेही हलतात. समुद्रकाठच्या शहरातून आणलेला रंधा तर इथे आल्यावर पहिले काही आठवडे बदलतच राहतो. मी तो आणल्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला लावला होता, ती माझी पहिली चूक. बाहेरगावचा रंधा निदान तीन आठवडे कामाच्या खोलीत, जमिनीपासून वर आणि उन्हापासून दूर ठेवावा, आणि मगच त्याच्या तळाला हात लावावा.

दुरुस्ती फार अवघड नाही, मात्र घाई चालत नाही. काचेवर ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरची लांब पट्टी ताणून चिकटवावी, तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा माराव्यात आणि रंधा ठोकळ्याच्या खालच्या भागाला, तोंडाजवळ धरून पुढे-मागे घासावा. वर मूठ धरून घासला तर तो डुलतो आणि टोके गोल होतात. दहा-बारा वेळा घासून रेघा पाहाव्यात. पुढचे टोक, तोंडाच्या पुढची पट्टी आणि मागचे टोक या तीन जागांच्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की थांबावे. या तीन जागांच्या मधल्या भागात किंचित पोकळी राहिली तर कामात काही बिघडत नाही, तिच्या मागे लागून ठोकळा झिजवू नये. पीळ पाहण्यासाठी सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या तळाच्या दोन्ही टोकांवर आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहावे; कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. शेवटी एकशेवीस नंबरच्या कागदाने हलका हात फिरवावा आणि तळ ब्रशने झाडून धारदार पटाशीच्या उभ्या कडेने खरवडावा, नाहीतर कागदाचे बारीक खडे तळात रुतून बसतात.

तळ झिजवला की तोंड रुंद होते, कारण तोंडातील पोकळी वरच्या दिशेने निमुळती न होता पसरलेली असते आणि पात्याची बैठकही तिरकी असते. सांधे मारण्याच्या रंध्याला दीड मिलिमीटरपर्यंतचे तोंड पुष्कळ. ते तीन-चार मिलिमीटर झाले असेल, तर उलट्या तंतूंवर पाते फळीच्या कडेचे तुकडे उचकटू लागते. त्यावर जुना उपाय असा की तोंडाच्या पुढे तळात चौकोनी खाच घेऊन कठीण लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचा. त्यासाठी मी अंजनाचा तुकडा वापरला. हे लाकूड इतके कठीण आहे की खाचेपेक्षा तो तुकडा घडवायलाच जास्त वेळ गेला.

यानंतरही रंधा थरथरत असेल, किंवा चार-पाच फेऱ्यांनंतर पाते आपोआप आत सरकत असेल, तर बैठक तपासावी. पात्याच्या मागच्या बाजूला दिव्याची काजळी धरावी, पाते जागेवर ठेवून हलके दाबावे आणि काढून घ्यावे. बैठकीवर जिथे काळा डाग उमटतो तेवढाच भाग पात्याला टेकतो. बैठकीच्या खालच्या टोकाला, म्हणजे तोंडाच्या अगदी जवळ, डाग उमटलाच पाहिजे. फक्त वर आणि मध्ये उमटला तर धारेला आधार नाही आणि ती थरथरणार. उंचवट्याचे डाग पटाशीने कागदाएवढेच खरवडावेत आणि पुन्हा काजळी लावून पाहावे. मला हे अकरा वेळा करावे लागले. पाचरेचे दोन्ही फाटे खालपर्यंत सारख्या दाबाने टेकले पाहिजेत. त्यांच्या टोकाशी फट राहिली तर तिच्यात ढलपी अडकते, तिच्यामागे दुसरी येते आणि तोंड चोंदून जाते. तोंड चोंदले की काहीजण पाचर आणखी ठोकतात. त्याने ढलप्या मोकळ्या होत नाहीत, ठोकळ्याच्या भिंती मात्र फाटतात.

पात्याबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखान्यांची जुनी पाती बहुधा दोन धातूंची असतात: मऊ लोखंडाच्या पट्टीवर पुढच्या भागात पोलादाचा पातळ थर बसवलेला असतो. धारेचा उतार निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासला की ही सीमारेषा दिसते. लोखंड मळकट राहते आणि धारेलगतची पट्टी चकाकते. अशा पात्याचा धारेकडचा भाग जाड आणि वरचा भाग पातळ असतो, त्यामुळे काम करताना पाते मागे रेटले गेले तरी पाचरेत ते अधिकच घट्ट बसते. म्हणून हरवलेल्या पात्याऐवजी सारख्या जाडीची पट्टी बसवली, तर तीच पाचर तिला धरत नाही. धारेचा कोन पंचवीस ते तीस अंशांच्या मध्ये ठेवावा. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार लवकर बोथट करते. चार फुटी सहा कडा मारताना मी किमान दोनदा पाते निसण्यावर घेतो. पात्यावर स्क्रूने बसणारी दुसरी पट्टी असेल, तर तिची कड धारेपासून एक मिलिमीटरच्या आत आणावी, आणि ती पात्याला उजेड न दिसता टेकली पाहिजे.

रंधा नीट झाल्यावर हाताची पद्धत. सपाट तळाच्या रंध्यानेही सतत टोकापासून टोकापर्यंत मारत राहिल्यास कड हळूहळू फुगीर होते, म्हणून आधी मधला भाग घ्यावा. फळीच्या सुरुवातीपासून चार बोटे आत रंधा टेकवावा आणि शेवटाच्या चार बोटे आधी उचलावा. असे करत राहिले की एका क्षणी पाते कापायचे थांबते, कारण रंधा न मारलेल्या टोकांवर टेकतो आणि पाते जेवढे बाहेर आहे त्यापेक्षा खोल जाऊ शकत नाही. तळ सरळ असल्याचा हा पुरावाच आहे. मग टोकापासून टोकापर्यंत एक-दोन अखंड फेऱ्या माराव्यात. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब, शेवटी मागच्या हाताचा. न तुटता फळीच्या लांबीएवढी ढलपी निघाली की थांबावे. मध्ये एका ढलपीच्या जाडीएवढी पोकळी राहिली तर ती हवीच आहे: मधला एक क्लॅम्प ती मिटवतो आणि टोके कायम एकमेकांवर दाबलेली राहतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टोके आधी आकसतात, तेव्हा हा राखीव दाब उपयोगी पडतो.

कड काटकोनात येत नसेल, तर गुण्याशी (काटकोन तपासायच्या साधनाशी) झगडत बसण्यापेक्षा दोन्ही फळ्या वहीची पाने मिटतात तशा समोरासमोर धरून एकत्र शिकंजात घ्याव्यात आणि दोन्ही कडा एकाच वेळी माराव्यात. रंधा एका बाजूला अर्धा अंश कलला, तर एका कडेला जेवढे कमी तेवढेच दुसऱ्या कडेला जास्त होते, आणि फळ्या उघडून जोडल्या की माथा सपाट बसतो. मात्र दोन्ही फळ्यांची मिळून जाडी पात्याच्या रुंदीपेक्षा कमी असली पाहिजे. जुन्या घराचे लाकूड असेल तर रंधा लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. तुटलेल्या खिळ्याचे एक टोक धारेत मोठी खाच पाडते.

आता दुसऱ्या प्रकारची फट, जी चांगल्या कडांनाही पडते. आडव्या चिरेच्या (वार्षिक रेषा रुंदीला साधारण समांतर असलेल्या) सागाच्या तीस सेंटिमीटर रुंद फळीत ओलावा पाच-सहा टक्क्यांनी कमी झाला, तर तिची रुंदी तीन मिलिमीटरच्या आसपास घटते. श्रावण-भाद्रपदात जोडलेली फळी वैशाखात हे सारे अंतर कापते, आणि टोके मध्यभागाच्या कितीतरी आधी. म्हणून माथे आणि दारांच्या फळ्या जोडण्याचे काम मी आता कार्तिक ते माघ या काळातच घेतो, आणि त्याआधी फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट लावून त्या घरात रचून ठेवतो. सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे कड मारली त्याच दिवशी फेव्हिकॉल लावावा. उन्हाळ्यात जोडायची वेळ आलीच तर पहाटे जोडावे. दुपारच्या झळांत गोंदावर काही मिनिटांत साय धरते आणि मग क्लॅम्प कितीही आवळले तरी आतला थर पकडत नाही.

जुना रंधा विकत घेताना मी भंगाराच्या ढिगाजवळ उभा राहून आधी टोकाकडचा भाग पाहतो. तिथे दिसणाऱ्या वार्षिक रेषा तळाला साधारण समांतर असाव्यात. कर्णाप्रमाणे तिरक्या असतील तर ठोकळा वाळताना चौकोनाचा तिरपा पतंग होतो. मग तोंडाच्या दोन्ही भिंतींवर नख फिरवून चीर शोधतो. पाते काढून पाहतो की पोलादाचा भाग उरला आहे का. पाते वापरून वापरून वरच्या खाचेच्या जवळ आले असेल तर उरले आहे ते मऊ लोखंड, त्याला धार टिकणार नाही. धारेजवळच्या मागच्या बाजूला गंजाचे खोल खड्डे असतील तरीही सोडून देतो. बारीक भोके आणि पिठासारखा भुगा दिसला तर तो रंधा घरी आणूच नये. तळाची झीज, मळ, तुटकी मूठ यांनी मात्र घाबरू नये.

एक तपासणी खानदेशासाठी खास महत्त्वाची आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्याच्या आत मिळून एक-दीड मिलिमीटर मोकळी जागा असावी. पावसाळ्यात घट्ट बसणारे पाते उन्हाळ्यात संकट ठरते: लाकूड रुंदीत आकसते, पोलाद आकसत नाही, आणि भिंत तोंडापाशी फाटते. माझ्या रंध्याच्या डाव्या भिंतीला अशी बोटभर चीर पहिल्याच एप्रिलमध्ये पडली. आता मी पात्याच्या कडा कानसने थोड्या कमी केल्या आहेत आणि चीर तशीच थांबली आहे. काम संपले की पाचर किंचित सैल करून ठेवावी. लांब रंध्यात त्यासाठी पुढच्या टोकाच्या वरच्या बाजूस लाकडी मोगरीचा एक ठोका पुरतो.

ठोकळ्याला डबल बॉइल्ड अळशीच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, टोकांना एखादा अधिक. बैठकीला आणि पाचरेला तेल लावू नये. ती घसरू लागतात. तळावर मेणबत्ती घासली की रंधा हलका चालतो. तेलाच्या चिंध्या मात्र कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, मग मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीबद्दल तर बोलायलाच नको. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

तळाची वर्तमानपत्राची चाचणी मी वर्षातून दोनदा घेतो, एकदा मृग लागण्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. पावसाळ्यानंतर दरवेळी थोडा कागद मारावा लागतो, उन्हाळ्यात क्वचित. तिसऱ्यांदा जोडलेल्या मेजाच्या माथ्याला यंदाची आखाजी दुसरी होती. त्याच वर्तमानपत्राची पट्टी दोन्ही टोकांच्या सांध्यात घालून पाहिली. ती शिरली नाही.